वाऱ्याआडचा माणूस

जन्मभर पोटासाठी सायकल हाणलेली माणसं रिटायर झाल्यावर हौसेखातर पुन्हा सायकलीवर बसली, तर लोक हसणारच. अर्जुनराव आणि बद्रीनाथ यांनाही लोक हसायचे. दोघे सहकारी साखर कारखान्यात चिटबॉय होते. साठीला टेकले तरी बॉयच राहिले. गावोगाव फिरायचं, कुणाचा किती ऊस उभा आहे ते लिहून घ्यायचं, पाळी आली की तोडीची चिठ्ठी द्यायची, आणि हे सगळं सायकलवर. कारखान्याच्या ग्राहक भांडारातून दोघांनी एकाच दिवशी काळ्या सायकली घेतल्या, त्यांच्यावर बत्तीस वर्षं काढली आणि बीडला शेजारच्या गल्ल्यांत घरं बांधली. मग गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टर म्हणाले, रोज चालत जा.

"चालायला काय आपन येडे हावोत का बे?" बद्रीनाथ म्हणाला, आणि दोघांनी सायकली पुसून बाहेर काढल्या.

सकाळी सहाला निघायचं. पाली, मग घाट, मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहा, आणि परत. सोमवारी कपिलधारच्या देवळापर्यंत. वाटेत हेल्मेटवाली, रंगीत चड्ड्यांची तरणी पोरं भेटायची. "काका, गिअर नाही का सायकलला?" म्हणायची. बद्रीनाथ पोटावर हात फिरवून म्हणायचा, "हाय की, आतून बसवलाय."

हिवाळ्यात मात्र हे काम गमतीचं राहत नसे. जाताना उत्तरेचं वारं पाठीशी असायचं, चढसुद्धा सोपा वाटायचा. येताना तेच वारं थेट तोंडावर. घाट उतरला की पुढं सगळं उघडं माळरान, डोळ्यांतून पाणी, बोटं लाकडं झालेली. त्यावर दोघांचा चिटबॉयच्या काळापासूनचा कायदा होता. एकानं पुढं राहायचं, दुसऱ्यानं त्याच्या मागच्या चाकाला चिकटून. पुढचा वारं खातो, मागच्याला आडोसा मिळतो. किलोमीटरचा दगड आला की पाळी बदलायची. वाऱ्यात हाक ऐकू जात नाही, म्हणून पुढचा दमला की त्यानं दोनदा घंटी वाजवायची, आणि मागच्यानं पुढं यायचं.

कायदा चांगला होता, पण कायद्यातून पळवाट काढावी तर अर्जुनरावांनीच. दगड जवळ आला की त्यांचा मफलर सुटायचा. नाहीतर साखळी कुरकुरायची, आणि ते मान खाली घालून ती बघत बसायचे. तोवर बद्रीनाथ पुढचा दगडही ओढून न्यायचा. त्याला हे कळत नव्हतं असं नाही. पण तो कधी बोलला नाही, आणि अर्जुनरावांनी न बोलण्याचा अर्थ सोयीचा तेवढाच घेतला.

नोकरीतही असंच झालं होतं. एका दुष्काळात विहिरींनी तळ दाखवला, ऊस उभा वाळायला लागला, आणि कारखान्याच्या साहेबांनी तोडीची यादी उलटीपालटी केली. ओळखीवाल्यांचा ऊस आधी, बाकीच्यांचा वाळू दे. दोघांनी ठरवलं, आत जाऊन सांगायचं की असल्या चिठ्ठ्या आम्ही वाटणार नाही. केबिनच्या दारात अर्जुनराव वहाणेचा पट्टा सोडायला वाकले. पट्टा काही सुटेना. आतून बद्रीनाथचा आवाज येत होता, साहेबांचा येत होता, आणि हे आपले वाकलेले. बद्रीनाथ बाहेर आला तेव्हा त्याची बदली झालेली होती, घरापासून चाळीस किलोमीटरवर. ती त्यानं चार वर्षं भोगली. "तुझा पट्टा लई चिवट हाय बे," एवढंच एकदा हसत म्हणाला.

तो बद्रीनाथ गेल्या वर्षी पौषात गेला, बीड आणि पालीच्या मधल्या रस्त्यावर, सायकलवरून उतरून एका बाभळीखाली बसला आणि बसलेलाच राहिला. डॉक्टर म्हणाले, हृदय. लोक म्हणाले, थंडी. अर्जुनराव म्हणाले, "वाऱ्यात काय कळलंच न्हाई मला. एकदम खाली बसला." वर्षभर जो विचारील त्याला ते हेच सांगत आले.

यंदा पाऊस दुसऱ्या वर्षीही रुसला. पालीजवळचं बिंदुसरेचं धरण आटून तळाला भेगा पडल्या. गल्लीत टँकरची वाट बघत ड्रम रांगेत उभे, रानात जनावरांच्या छावण्या, आणि कारखान्याच्या धुराड्यातून धूर नाही, कारण गाळायला ऊसच नाही. दिवाळी सरली, थंडी पडली, उत्तरेचं वारं सुटलं, आणि अर्जुनरावांनी पुन्हा सायकल काढली. बायको म्हणाली, एकट्यानं कशाला जाता? ते म्हणाले, सवय आहे. खरं कारण त्यांनाही धड माहीत नव्हतं.

पहिल्याच दिवशी परतताना तो प्रकार झाला. घाट उतरून ते माळावर आले. वारं असं की धरणाच्या कोरड्या तळाची माती उडून रस्त्यावर लोळत होती, बाभळी एका अंगाला वाकल्या होत्या. अर्जुनरावांनी मान खाली घातली, दात आवळले आणि पायडल मारलं. आणि त्यांना वारं लागेचना.

दोन्ही बाजूंनी माती पळत होती. विजेच्या तारा वाजत होत्या. पण त्यांच्या तोंडावर काही नव्हतं. मफलरचं टोकसुद्धा हललं नाही. कुणीतरी अगदी पुढं, हाताच्या अंतरावर सायकल चालवत असावं आणि त्याच्या पाठीआड आपण असावं, तशी ती ऊब होती. बत्तीस वर्षं नोकरीची आणि वर पाच रिटायर झाल्यावरची, अशी ओळखीची ऊब.

बीड सातचा दगड आला. पुढून घंटी वाजली. दोनदा.

पितळी घंटी होती ती, जड आवाजाची. बद्रीनाथनं भांडारात हट्टानं निवडून घेतलेली. अर्जुनरावांनी जीव खाऊन पायडल मारलं. पुढं जायचं, त्याला मागं घ्यायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. पण ते जितके पुढं जात तितका तो आडोसाही पुढं सरके. वारं काही त्यांना मिळेना. सहाच्या दगडाला पुन्हा दोन घंट्या वाजल्या. ती बाभूळ आली आणि एकदम वारं तोंडावर आपटलं, तेव्हा ते सायकलवरून उतरले आणि बाकीचा रस्ता सायकल ढकलत चालत गेले.

त्यानंतर हे रोज झालं. दुसरा कुणी असता तर घरात बसला असता. अर्जुनराव रोज जात राहिले. रोज घाटाच्या पायथ्याशी तो पुढं यायचा, रोज त्यांच्यासाठी वारं खायचा, आणि रोज सातच्या दगडाला मदत मागायचा. भीती वाटायचीच. पण भीतीपेक्षा वाईट गोष्ट ही की त्या आडोशात त्यांना अजूनही बरं वाटायचं.

वर्षश्राद्धाला चार दिवस राहिले तेव्हा बद्रीनाथच्या बायकोचा, सावित्रीबाईंचा निरोप आला. अर्जुनराव गेले. ओसरीत बद्रीनाथची सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली होती. घंटीच्या वाटीत चिंधी कोंबली होती.

"गल्लीतली लेकरं येता-जाता वाजवायची," सावित्रीबाई म्हणाल्या. "काळजात धस्स व्हायचं. म्हनून दसऱ्यालाच तोंड बंद केलं तिचं. बसा भावजी."

अर्जुनराव त्या चिंधीकडे बघत बसले. दसऱ्यापासून ही घंटी वाजूच शकत नव्हती.

"वर्षश्राद्ध झालं की लेक चाकनला घेऊन चाललाय मला," सावित्रीबाई म्हणाल्या. "घराला कुलूप लागंल. मंग तुमची गाठ कवा पडंल काय म्हाईत. म्हनून एक इचारायचं व्हतं. खरं सांगताल?"

"इचारा की, वहिनी."

"त्या दिवशी ते रागात व्हते का?"

अर्जुनरावांना समजेना. सावित्रीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"सकाळी आमचं भांडन झालतं. रातभर खोकत व्हते. मी म्हनलं, नका जाऊ, लई गारठा हाय. आयकंनात. तवा माज्या तोंडातून निगून गेलं, मरायला चाललाव का म्हनून. चहा केलता, तसाच ठिवून गेले. त्या रागानंच त्यांनी सायकल दामटली आसंल. न्हाईतर कावून जीव तुटंस्तोवर मारली आसती? तवापसून मी चहा सोडला, भावजी. एक घोट घेतला न्हाई. घशाखाली उतरतच न्हाई."

अर्जुनरावांना इथं नुसतं म्हणता आलं असतं, नाही वहिनी, राग नव्हता. तेवढं खोटंही नव्हतं. ढाब्यावर बद्रीनाथ हसला होता, म्हणाला होता, "बायको बोलली ते बराबर हाय, चहा तेवढा घ्यायला पायजे व्हता." एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण ही बाई पुन्हा विचारणार, रागानं नाही तर मग कशानं, हे त्यांना कळत होतं. त्यांचा हात आपोआप वहाणेच्या पट्ट्याकडे गेला. आपला हात कुठं गेला ते त्यांनी पाहिलं आणि त्यांना स्वतःची किळस आली.

"वहिनी, तो रागात न्हवता," ते म्हणाले. "त्यानं दामटली न्हाई. तो दमला व्हता. घाट उतरल्यापसून तोच पुढं व्हता. सातच्या दगडाला त्यानं दोन घंट्या दिल्या. मी गेलो न्हाई."

सावित्रीबाईंनी बोटाला गुंडाळलेलं पदराचं टोक सोडलं.

"सहाच्या दगडाला पुना दिल्या. मी मफलर नीट करत बसलो. मला वाटलं, अजून एक दगड वढंल. नेहमी वढायचा. मागं ऊब व्हती, वहिनी. थंडी लई व्हती आन मागं ऊब व्हती. मंग तो उतरला, बाभळीला टेकला. माज्याकडं बघितलं. बोलला न्हाई काय."

वाऱ्यानं दाराची कडी हलत होती. सावित्रीबाई उठल्या. सायकलपाशी गेल्या. घंटीच्या वाटीतून त्यांनी बोटानं चिंधी उकरून काढली, झटकली, कमरेला खोचली. मग अंगठ्यानं दोनदा घंटी वाजवली. ओसरीभर आवाज घुमला.

"अशा?"

"अशाच."

"आन तुमाला आयकू आल्या."

"आल्या."

त्या आत गेल्या. अर्जुनराव जागचे हलले नाहीत. शिव्या येतील, चप्पल येईल, जे येईल ते घ्यायची त्यांची तयारी होती. आतून स्टोव्हचा आवाज आला. थोड्या वेळानं सावित्रीबाई बाहेर आल्या तेव्हा हातात एक कप होता. एकच. त्या उंबऱ्यावर बसल्या आणि त्यांच्या समोर, फुंकर मारत, घोट घोट करत तो चहा प्यायला लागल्या. पिता पिता रडत होत्या, तरी थांबल्या नाहीत, कप रिकामा केला.

"एक वरीस, भावजी," कप खाली ठेवून त्या म्हणाल्या. "एक वरीस तुमी मला वाऱ्यात पुढं ठिवलं."

अर्जुनराव उठले. वर्षश्राद्धाला या असं त्या म्हणाल्या नाहीत, येऊ नका असंही म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला निघाले. मांजरसुंब्याला ढाब्यावर थांबले. पोऱ्यानं चहा आणून ठेवला, तो त्यांनी तसाच ठेवला आणि घाट उतरले. पायथ्याशी त्यांनी पाय सैल सोडले आणि वाट बघितली. मनातून त्यांना तो यायला हवा होता. आज कसंही करून त्याच्या पुढं जायचं, त्याला मागं ऊब द्यायची, असं त्यांनी रात्रभर ठरवलं होतं.

माळावर आले आणि वारं तोंडावर आपटलं. सगळंच्या सगळं. माती डोळ्यांत गेली, मफलर सुटून मागं फडफडायला लागला, पायडल जागचं हलेना. अर्जुनराव उभे राहून पायडल मारायला लागले. सातचा दगड आला आणि गेला. घंटी वाजली नाही. सहाचा दगडही तसाच गेला. एवढा एक किलोमीटर इतका लांब असतो हे त्यांना सदतीस वर्षांत माहीत नव्हतं, आणि बद्रीनाथला रोज माहीत होतं.

बाभळीपाशी त्यांचा दम संपला. ते उतरले नाहीत. हँडलवर छाती टेकून तसेच ओढत राहिले, आणि कधीतरी त्यांच्या अंगठ्यानं घंटी दाबली. दोनदा. मग सवयीनं ते जरा डावीकडे सरले, मागच्यानं पुढं यावं म्हणून उजवीकडं जागा ठेवली. बराच वेळ तशीच ठेवली. बीड येईपर्यंत वारं काही पडलं नाही.