शेंगा तडकेपर्यंत थांबा

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. माझ्या शेंगा अजून हिरव्या होत्या, आणि गवत कापायचं यंत्र माझ्या अंगावर आलं. तेव्हा जो राग डोक्यात गेला, तो अजून उतरलेला नाही.

मी रानवाटाण्याची वेल. घरांच्या रांगेमागे मातीचा उतार आहे ना, तेच माझं माहेर आणि तेच सासर. मला कुणी लावलं नाही, कुणी तांब्याभर पाणी घातलं नाही. दरवर्षी मी वरून वाळते, तेव्हा लोक म्हणतात, मेली. मेलेली नसते हो मी! खाली मुळाशी असते, माती मुठीत धरून. दिवस पालटले की पुन्हा फुटते. जांभळी फुलं येतात, भुंगे येतात. शेंगा उन्हाने वाळल्या की तडकतात आणि दाणे लांब उडतात. एवढाच माझा संसार.

माझा गुन्हा काय? तर शेवटच्या घरातल्या लेकराने माझी शेंग तोंडात घातली. आईने बोट घालून काढली, पोराला काही झालं नाही. शेंग खाण्यासारखी नाही, हे खरंच. मग पोराकडे लक्ष द्या! पण ती बया तडक शेजारच्या पुढाऱ्याकडे गेली.

"भाऊजी, ती घाण मुळापासून काढा. माझ्या जिवाला घोर लागलाय."

भाऊजींना निमित्तच हवं होतं. "वहिनी, उतार कसा गुळगुळीत करून देतो बघा!"

केला गुळगुळीत. कापलं, खणलं, वर विकतची हिरवळ चटईसारखी अंथरली. तिला मुळं ती केवढी, बोटभर.

एका दुपारी पावसाने झोडपलं आणि ती चटई घसरली. सगळा चिखल त्याच आईच्या स्वयंपाकघरात. पोर कडेवर होतं म्हणून निभावलं.

एका टोकाला मात्र खणायचा कंटाळा केला होता. तिथली माती हलली नाही. तिथे मी होते. त्या आईने ते उभं राहून पाहिलं.

यंदा मी तिथूनच फुटले. यंत्रवाला पुन्हा आला, शेंगा पुन्हा हिरव्याच. पण ती पोराला घेऊन आडवी उभी राहिली.

"आधी शेंगा वाळू द्या."

"ताई, मागच्या वेळी तुम्हीच ओरडत होतात. आता भाऊजी मला बोलतील."

"बोलू देत. चिखल त्यांच्या ओट्यावर नव्हता आला!"

यंत्रवाला हसला, यंत्र बंद केलं. तिने माझ्या आणि अंगणाच्या मध्ये दोरी बांधली. पोराला म्हणाली, "छी, हे खायचं नाही."

एवढंच तर करायचं होतं! त्यासाठी माझा अख्खा उतार घालवलात? एका दोरीने माझा राग जायचा नाही. बाकीची माती अजून उघडी पडलीये, आणि भाऊजी पुन्हा हिरवळ आणायच्या गप्पा मारताहेत. त्याआधी माझे दाणे तिथवर उडायला हवेत, नाहीतर पुढच्या पावसात तिचं स्वयंपाकघर पुन्हा चिखलात जाईल.

म्हणून तुमच्या शेजारणीला सांगा, तिला तिच्या जावेला सांगायला सांगा, आणि यंत्रवाला दिसला तर त्याला थांबवून सांगा: शेंगा तपकिरी होऊन तडकेपर्यंत पातं लांब ठेव, बाबा.