हजार वॅटचा हीटर

तिने हीटरच्या स्क्रूंवरची काजळी खालचं पितळ दिसेपर्यंत खरवडली आणि मीटरची एक सळई एका स्क्रूवर, दुसरी दुसऱ्यावर टेकवली.

काउंटरपलीकडे टेलर स्टुलावर बसला होता. ज्या पिशवीतून त्याने हीटर आणला, तिची तो मांडीवर घडी घालत होता, मोडत होता, पुन्हा घालत होता.

“मला कुणाला कोर्टात खेचायचं नाहीये,” तो म्हणाला. “हीटर धड होता की नव्हता, एवढंच सांगा. पोरगा म्हणतो, तुम्ही कापडाचा ढीग वायरीवर टाकून गेलात म्हणून आग लागली आणि आई गेली. महिना झाला, बोलत नाही माझ्याशी. आणि टाकला होता, हे खरंच आहे. रोजच टाकायचो.”

कोट पोचवायला तो जेमतेम पंधरा मिनिटं बाहेर गेला होता. बायको गुडघे शेकत बसली होती. उठायचं झालं तर तिला कुणाचा तरी हात लागायचा.

आतल्या बाजूला मास्तर बसले होते, तिचे वडील. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. पण साधी इस्त्री दुरुस्तीला आणणाऱ्यालाही ते पाटीवर गणित मांडून दाखवल्याशिवाय सोडत नसत, म्हणून सगळा रस्ता त्यांना मास्तर म्हणायचा. इथे बल्ब घ्यायला आलं तरी परीक्षा देऊनच सुटका होते, असं टेलर चिडवायचा. तुझं गणित कच्चं म्हणूनच तू शिवलेल्या विजारी आखूड होतात, असं मास्तर ऐकवायचे. तीस वर्षं हे चाललं होतं.



दुकानाचा नियम एकच होता. मोजल्याशिवाय वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही. दुरुस्ती झाली की ओहम मोजायचे आणि आकडा बुडाच्या पत्र्यावर खिळ्याने कोरायचा. तिने हीटर उलटा केला. मास्तरांच्या डावखुऱ्या अक्षरात, तीन वर्षांपूर्वीचा एकच आकडा होता: ५३. त्याच्याखाली काही नव्हतं. कॉइलला मात्र तीन ठिकाणी पीळ दिलेला होता. तुटलेली तार, जळकी टोकं छाटून, एकमेकींना पिळून जोडलेली. दर वेळी कॉइल थोडी आखूड होत जाते आणि जास्त वीज ओढते. थोडी म्हणजे किती, ते मीटर सांगतो. पण मीटर वाचता यावा लागतो.

बाबांनी मीटर उलटा धरलेला तिने पाहिला, त्याला पंधराच दिवस झाले होते. तेव्हा तिला कळलं की त्यांना दिसत नाही. किती दिवसांपासून, ते तिने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मीटर तेवढा तिच्याकडे आला.

आत्ता त्यावर पस्तीस होते. तिने सळया उचलल्या, जोर देऊन पुन्हा टेकवल्या. पस्तीसच.

“किती?” मास्तरांनी विचारलं.

“त्रेपन्न,” ती म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली. “दोनशे तीस भागिले त्रेपन्न. सव्वाचारच्या किंचित वर अँपिअर. गुणिले दोनशे तीस, झाले हजार वॅट. वर लिहिलेत तेवढेच.”

“म्हणजे हीटर धड होता,” टेलर म्हणाला.

तो उठला. पिशवीचं तोंड उघडं धरून तिच्यासमोर उभा राहिला.

“आता घरी नेऊन काय करणार, काका?”

“पोराला दाखवतो. सांगतो, तुझंच बरोबर होतं.”

तिने हीटर उचलला, पण पिशवीत सोडला नाही.

“जरा इकडे दे,” मास्तर म्हणाले.

त्यांची बोटं कॉइलवरून एकेक वेढा घेत सरकू लागली. पहिल्या पिळाशी थांबली. अंगठ्याने पीळ कुठल्या बाजूला वळलाय ते पाहिलं; डाव्या हाताचा होता. मग दुसऱ्याशी थांबली. तिसऱ्याशी बराच वेळ.

“बाबा, राहू द्या ना.”

“टेलर, खाली बस.”

तो बसला.

“पोरी, परत मोज. आकडा तू सांगू नकोस. त्याला वाचू दे.”

या वेळी सळई स्क्रूवरून घसरत राहिली. आकडे नुसतेच पळत होते. शेवटी मास्तरांनी चाचपडत तिचं मनगट धरलं आणि आकडे स्थिर झाले. टेलरने सुई ओवायचा चष्मा काढून लावला, वाकला.

“पस्तीस,” तो म्हणाला. “हे चांगलं की वाईट?”

मास्तरांनी खिळ्यावरची पाटी काढून त्याच्यापुढे सरकवली, वर खडू ठेवला. “दोनशे तीस भागिले पस्तीस. तूच मांड. मला दिसत नाही. वर्ष होऊन गेलं.”

टेलरने मांडलं. त्याचे आकडे बारीक होते, मापाच्या वहीत लिहितात तसे. भागाकाराला वेळ लागला.

“साडेसहाच्या वर.”

“आता गुणिले दोनशे तीस.”

“दीड हजार.” त्याने पाटीकडे पाहिलं, मग हीटरवरच्या हजाराकडे. “दीड हजार, मास्तर.”

“वायर हजाराचीच होती, दीड हजाराने ती तापली. शेवटचा पीळ मी दिला त्याच्या आठव्या दिवशी तुझ्याकडे आग लागली. त्या दिवशी मोजलं नव्हतं. त्याच्या आधीच्या दोन वेळीही नाही. ढीग तर तू रोजच टाकायचास.”

टेलरने चष्मा काढला. खडू पाटीवर ठेवला, तो घरंगळून खाली पडला. कुणीच वाकलं नाही. बाहेर कुणीतरी रेडिओ दुरुस्त झाला का म्हणून विचारत आलं, आतल्या तिघांकडे बघून तसंच मागे फिरलं.

“पोराला हे मी सांगू,” टेलरने विचारलं, “का तू येतोस?”

मास्तरांनी पायांनी जमीन चाचपली.

“माझ्या चपला कुठे गेल्या, बघ गं,” ते म्हणाले.

तिने चपला आणून त्यांच्या पायांपुढे ठेवल्या. टेलरने हीटर पिशवीत भरला. त्याने हात पुढे केला नाही; पण दुकानाच्या पायऱ्या उतरून तो तिथेच थांबला, आणि मास्तर पायऱ्यांपाशी आले तेव्हा म्हणाला,

“दोन पायऱ्या आहेत. दुसरी उंच आहे.”