औशाची घोडवाट आणि माझा पाय

मित्रांनो, मी औशातली एक म्हातारी घोडी आहे. माझं नाव शबनम. रंग तांबूस, कपाळावर पांढरा टिळा, आणि पुढचा उजवा पाय ताठ. तो गुडघ्यात पुरता वाकत नाही. का, ते सांगते. सांगताना माझा आवाज चढला तर समजून घ्या.

मी तीन वर्षांची असताना जिलानीमियाँनी मला माळेगावच्या जत्रेतून आणलं. त्यांचे वडील टांगा हाकायचे. टांगे गेले, रिक्षा आल्या. जिलानी मग जनावरांच्या पायांना नाल ठोकू लागले. लग्नसराईत मला वरातीला नेऊ लागले. जरीची झूल पाठीवर, कानाशी डीजे, पुढं नाचणारी माणसं. मला ते मुळीच आवडायचं नाही. मला आवडायची ती सकाळ. किल्ल्याजवळच्या मैदानात जिलानी गावातल्या मुलामुलींना घोड्यावर बसायला शिकवायचे. लगाम हातात बसला की मुलांना दूर रपेटीला न्यावं लागतं, आणि दूर जायचं तर एकच रस्ता, सोलापूरचा. माझ्या शेजारच्या खुंट्याला बांधलेला बादशाह त्याच रस्त्यावर गेला. ट्रकच्या हॉर्नला बुजला आणि चाकाखाली आला. त्या वेळी त्याच्या पाठीवर कुणी नव्हतं, एवढंच.

त्यानंतर जिलानींनी मुलांना घेऊन डांबरी रस्त्यावर घोडं घातलं नाही. ते दुसरी वाट शोधू लागले. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर धोंडप्पा त्यांना म्हणाले, "अरे, आपली घोडवाट हाय की! गावामागून तळ्यापस्तोर जाती. माझा आजा सांगायचा, टपालाचे घोडे तिथूनच पळायचे."

वाट होती, पण दिसत नव्हती. वेड्या बाभळी माजल्या होत्या, पावसाच्या पाण्यानं घळी पडल्या होत्या, लोकांनी घरं पाडल्याचा राडारोडा आणून टाकला होता. जिलानींनी हाक दिली आणि पहिल्या रविवारी चाळीस माणसं आली. कोयते आले, टिकाव आले, केळी आली, फोटो काढणारेही आले. एका पाहुण्यांना माझ्या पाठीवर चढवलं. ते उलटे बसायचे तेवढे राहिले होते. दुसऱ्या दिवशी पेपरात आमचं फार कौतुक छापून आलं.

पुढच्या रविवारी चौदा माणसं आली. त्याच्या पुढच्या रविवारी तीन.

ती तीनच शेवटपर्यंत टिकली. जिलानी, धोंडप्पा आणि जनावरांच्या दवाखान्यात काम करणारी शिवकन्या. तिघांनी तीन हिवाळे दर रविवारी बाभळी तोडल्या, खड्ड्यांत मुरूम भरला. पाणी वाटेवरून धावू नये म्हणून वाटेला आडवे चर खणले. घमेली वाहून धोंडप्पांची कंबर धरायची. जिलानींची बायको चांदबी घरी वैतागायची. "बाकीच्या बायांचे नवरे रविवारी मटण आणतेत," ती म्हणायची, "माझा काटे घेऊन येतो. तेही तळपायात!"

आणि मित्रांनो, इतकं करून काय मिळायचं? साफ केलेल्या जागी सोमवारी बाटल्या फोडलेल्या असायच्या. काच माझ्या खुरात जायची. मऊ केलेल्या वाटेवर मोटारसायकलींच्या शर्यती लागायच्या, चर बुजून जायचे. तिघं पुन्हा खणायचे. तळ्याच्या अलीकडे किशनरावांचं शेत होतं. ते दर आठवड्याला तोडलेल्या काटेरी फांद्या ओढून वाटेवर टाकायचे. शिवकन्या बोलायला गेली, तर ते पाठ फिरवून विहिरीकडे चालू लागायचे. मला दात होते, लाथा होत्या, पण कुणाला मारावं तेच कळत नव्हतं.

मागच्या पौषात एका सकाळी दाट धुकं होतं. मुलांना न्यायच्या आधी वाट बघून यावी म्हणून जिलानी माझ्यावर बसले. किशनरावांच्या बांधाजवळ मी दुडकी धरली आणि माझ्या पायाला काहीतरी चावलं. ती तार होती. वाटेला आडवी, दोन्ही बाजूंना बाभळीला ताणून बांधलेली. मी तोंडावर आपटले. जिलानी माझ्यावरून उडून चरात पडले. उठले ते लंगडत माझ्याकडेच आले. माझ्या गुडघ्याखाली मांस उघडं पडलं होतं. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडून माझ्या पायाला गुंडाळला.

त्यांनी फोन केला तशी शिवकन्या धावत आली. तिथंच बसून तिनं टाके घातले. "ताई, चालंल ना ही?" जिलानींनी विचारलं.

"चालंल, भाई," ती म्हणाली. "पळणार न्हाई."

जिलानींनी खोगिराला अडकवलेला कोयता काढून तळ्यात भिरकावला. "बस झालं. आपण कुणासाठी करून राहिलो हे? गावाला वाट नको, घोडं नको. उद्या पोराच्या गळ्याला तार लागली तर मी तोंड कुठं दाखवू?"

तीन महिने मी गोठ्यात उभी होते. रविवार यायचे आणि जायचे. जिलानी त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. एका रविवारी चांदबीनं माझी दोरी सोडली. काटे आणतो म्हणून नवऱ्यावर तोंड टाकणारी हीच बाई. "चल गे," ती म्हणाली. मी ठेचकाळत, थांबत थांबत चालले आणि ती मला थेट किशनरावांच्या विहिरीवर घेऊन गेली. धोंडप्पा मागून हाका मारत आले, शिवकन्याही आली.

"किशनरावदादा, बाहेर या," चांदबी म्हणाली. "हा पाय बघा. हात लावून बघा."

किशनराव आले. त्यांनी हात लावला नाही, पण पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"भाभी, म्या घोडीसाठी न्हवती लावली," ते म्हणाले. "तुम्ही वाट साफ केली अन् मोटारसायकली आल्या. मपल्या हरभऱ्यातून गेल्या. हिरीवरच्या मोटारीची केबल दोनदा कापून नेली. आधी काटे व्हते तर कुणी येत न्हवतं. काटे टाकले, तुम्ही काढले. मग तार लावली." त्यांनी बांधाकडे बोट केलं. "तीन वर्षं मपल्या बांधावर खणून राहिले तुम्ही. एक दिवस तरी इचारलं का, किशनराव, तुमचं काय?"

शिवकन्यानं मान खाली घातली. मला मात्र संताप आला. चूक या तिघांचीही होती, आणि पाय माझा गेला होता!

धोंडप्पांनीच तोंड उघडलं. "घोडं ओलांडंल, पण फटफटी ओलांडणार न्हाई, असं आडवं लाकूड रोवलं तर? दोन्ही तोंडाला. दिसंल असं जाड."

"मपली तोडलेली बाभूळ पडून हाय," किशनराव म्हणाले.

चांदबीनं घरी निरोप धाडला. जिलानी आले, पण किशनरावांकडे बघेनात. दोघांनी एकाच ओंडक्याची दोन टोकं उचलली आणि एक शब्द न बोलता खुंटांवर बसवली. लाकूड मांडीइतकं उंच झालं. जिलानी म्हणाले, "धडधाकट घोडं सहज जाईल." आणि मला पुढं आणलं.

डावा पाय गेला. उजवा वाकेना. खूर लाकडावर आपटला. पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. मी फुरफुरले.

"थांबा," किशनराव म्हणाले. ते खाली बसले, ओंडका उतरवला आणि दोन्ही खुंट करवतीनं कापू लागले. चार बोटं कापून ओंडका परत बसवला. मी पाय उचलला, आपटला. आणखी दोन बोटं. घाम त्यांच्या भुवयांवरून ओघळत होता. "हिला जितकं जमंल तितकंच ठिवू," ते जिलानींना म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं एकमेकांशी पहिलं बोलणं ते. पाचव्या खेपेला माझा ताठ पाय पलीकडे गेला.

मित्रांनो, सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. बाटल्या अजून फुटतात. रविवारी चारच माणसं येतात, आणि पाचवी चांदबी, तीही कुरकुरत. मी आता पळत नाही. पाठीवर मुरमाच्या गोण्या वाहते. तुम्हाला मोकळी, स्वच्छ वाट दिसली तर ती आपोआप तशी राहिली असं समजू नका. तिथं काच टाकू नका, गाडी घालू नका. आणि कधी वाट साफ करायला निघालात, तर कोयता उचलायच्या आधी शेजारच्या शेतात जाऊन त्या माणसाला विचारा. माझ्या पायाला ते फार उशिरा कळलं.