कुंडलिकच्या सनईचं मेण

मी मेणाचा गोळा बोलतोय. पूर्वी मेणबत्ती होतो. दुकानातल्या त्या पांढऱ्या काड्यांशी माझं नातं लावू नका, मला खपत नाही. मी खऱ्या मधमाश्यांच्या मेणाचा. रंगानं पिवळा, अंगानं जाड.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची गोष्ट. माढ्याकडं एका चिंचेवरच्या माशा उठून गेल्या, पोळं मागं राहिलं. सोलापूरचा सनईवाला कुंडलिक लग्नात वाजवून परत येत होता. त्यानं ते पोळं पिशवीत घातलं. बायकोनं, बजाबाईनं, ते पाण्यात उकळून धोतराच्या फडक्यातून गाळलं. गार झाल्यावर पाण्यावर मेणाची चकती आली. ती पातळ करून बांबूच्या नळीत ओतली, मधोमध सुताची वात. झालो मी तयार.

कुंडलिकला माझा उपयोग दोन तऱ्हेचा. वीज गेली की मला लावून तो सनईच्या तोंडाची फुंकायची पत्ती तासत बसायचा. माझा धूर जवळजवळ नाही, वास मधाचा, आणि मी उगाच गळत नाही. फक्त वात आखूड कापलेली हवी आणि वाऱ्यात ठेवायचं नाही. एवढंही माणसांना जमत नाही.

दुसरा उपयोग सनईला. तिचं एक भोक झिजून मोठं झालं होतं, त्यामुळं सूर चढा लागायचा. कुंडलिक माझ्या बुडाचं चिमूटभर मेण काढून भोकाच्या कडेला दाबायचा. मग सूर जागेवर यायचा. पांढऱ्या काडीचं मेण लावून बघितलं होतं त्यानं. भुगा होऊन पडलं.

पुढं लग्नात बँड आले आणि सनईला कोण विचारीना. अशात एका मठात सकाळ-संध्याकाळ वाजवायला माणूस हवा होता. कारभारी चनबसप्पा म्हणाले, संध्याकाळच्या आरतीला वाजवून दाखव, मग बघू. बजाबाईचा भाऊ ज्ञानू टॉवेलच्या कारखान्यात कामाला. कुंडलिकच्या मागं बसून सूरपेटीवर सूर धरायचाही तोच.

"दाजी, मठात न्हाय जमलं तर इकून टाका सनई. आमच्या खात्यात सुताच्या कांड्या भरायला जागा हाय."

"तूच भर कांड्या," कुंडलिक म्हणाला. पण ताटातली भाकरी तशीच राहिली.

आरतीच्या दिवशी सकाळी बजाबाईनं मला फडताळातून काढलं. माझ्या अंगावर पांढरा थर आला होता. जुन्या मेणावर येतोच तो, ऊबदार फडक्यानं पुसला की जातो. तिला वाटली बुरशी. डाळीला बुरशी आली की बायका काय करतात? ऊन दाखवतात. तिनं मला पत्र्यावर नेऊन ठेवलं. मे महिना, सोलापूर, आणि पत्रा!

मी आधी कमरेत वाकलो, मग बसलो, मग पसरलो. वात तेवढी उघडी पडली.

"अगं, मेण वाळवत्यात व्हय?" कुंडलिक ओरडला.

"मला काय ठावं? पांढरं पडलं हुतं की!"

"मी बी पांढरा झालोय. मला बी टाक पत्र्यावर."

"तुमी कुटलं वितळताय? नुसती हाडं हायती."

बोलता बोलता ती उलथन्यानं मला खरवडत होती. डोळे मात्र तिचे भरले होते. तिनं मला गरम पाण्यातल्या वाटीत पातळ केलं, माती गाळली. नळीत ओतायला वेळ नव्हता. गोळाच केला.

कुंडलिकनं घाईघाईत भोकाला मेण लावलं. जास्त लागलं. मठात आरती सुरू झाली, आणि पहिल्याच आळवणीत सूर खाली बसला. आरती चालू असताना सनई थांबवायची नाही, हा तिथला रिवाज. थांबला तर गेला.

"दाजी, रेटा तसंच," ज्ञानू मागून पुटपुटला. "कुणाला कळतंय?"

कुंडलिकनं रेटलं नाही, थांबलाही नाही. तो सूर टाळून इकडून तिकडून वाजवत राहिला, आणि मधूनमधून त्या भोकाची कड बोटानं रेटत राहिला. बोटाची ऊब लागली तसा मी हलत गेलो. ऊब मिळाली की मी वळतो, मोडत नाही. एवढा गुण माझ्यात आहे. भोक हवं तेवढं मोकळं झालं. मग त्यानं तो सूर लावला, आणि लांबवला. ज्ञानूनं मान खाली घातली.

"छलो अद," चनबसप्पा कानडीत म्हणाले, म्हणजे छान आहे. "उद्या पहाटे या."

घरी आल्यावर बजाबाईनं विचारलं, "ह्याची परत मेणबत्ती करू का?"

"नगं. जाळलं तर भोकाला काय लावू?"

तेव्हापासून मी एका पत्र्याच्या डबीत आहे. उजेड पाडायचं काम सुटलं. रोज थोडा कमी होतो. आहे तोवर मला फडक्यात गुंडाळा, सावलीत ठेवा, चुलीपासून लांब. आणखी काही मागत नाही. जा आता, झाकण लावून जा. धूळ येते.