फाइलीपुढचा एम

शालिकरामने एंटर दाबलं आणि चटका बसल्यासारखा हात मांडीवर ओढून घेतला. काळ्या पडद्यावर हिरवी ओळ उमटली होती: आधी एक एम, आणि मग क्रेनच्या वजनांच्या फाइलीचं नाव.

रोलिंग मिलमधल्या कोणत्या क्रेनने किती टन उचलायचं, ते त्या फाइलीत होतं. रोज सकाळी सहाला तिची यादी छापून ऑपरेटरांच्या केबिनीत लागायची. त्या कागदाबाहेर कुणी जात नसे. चार नंबरच्या केबिनीत शालिकरामचा धाकटा भाऊ बसायचा, केवलराम.

“विजया, पोरी, इकडं ये ना जरा.”

डिप्लोमा करून नुकतीच लागलेली विजया शेजारच्या टेबलावरून उठून आली.

“काय झालं काकाजी? भूत दिसलं काय?”

“हे एम कावून आलं? मी तं आज हातही नाही लावला. एखादा आकडा वाढून गेला असंन तं? केवलराम बसते तिथं, बाप्पा!”

“एम म्हणजे तुमच्याजवळची फाइल बदलली हाय. सर्व्हरवरच्या सगळ्यांच्या फाइलीसंगं जुळत नाही, एवढंच.”

“मंग माही पुसून टाक. सगळ्यांची हाय तशी आणून दे.”

“न पाहताच पुसता? आधी फरक तं पाहा.”

तिने टकटक करून दोन ओळी पुढे आणल्या. वरची सगळ्यांची: क्रेन चार, वीस टन. खालची शालिकरामची: क्रेन चार, बारा टन.

“घ्या! कमीच झालं. उगीच घाबरून राहिले तुम्ही.”

विजया हसली. शालिकराम हसला नाही. टेबलाच्या काचेखाली इंजिनिअरसाहेबांची चिठ्ठी होती, शनिवारची. चार नंबरचा ब्रेक सरकतो, दुरुस्तीपर्यंत बारा टनच. त्या संध्याकाळी कॅम्प-१ वस्तीत कीर्तन होतं. बुवांचा पूर्वरंग चुकू नये म्हणून त्याने घाईघाईने आकडा बदलला, सेव्ह केला आणि सायकल काढली होती.

“मी सेव्ह केलं होतं ना, पोरी.”

“ते तुमच्याजवळ झालं, काकाजी. जमा कुठं केलं? यादी तं जमा केलेल्यातूनच छापते.”

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आज मंगळवार होता. रविवार, सोमवार, आज. तीन याद्या केबिनीत लागून झाल्या होत्या, वीस टनांच्याच.

बारा टनांची फाइल जमा करायला विजयाची बोटं कीबोर्डवर धावू लागली. शालिकराम फोनपाशी पोचला होता. त्याने क्रेनच्या यार्डाचा नंबर फिरवला. तिसऱ्या घंटेला कुणीतरी फोन उचलला.

“चार नंबर... चार नंबरवर कोण हाय?”

“काय? जोरात बोला जी,” तिकडून आवाज आला. “क्रेन चालून राहिली इथं.”