नानाच्या पायाखाली

रवा भाजताना हात थांबवायचा नाही.

समुद्रकाठच्या कॉर्निशवरचं वर्ल्ड कपचं मोठं घड्याळ दिवस उलटे मोजतं, आणि ते बघून सगळा कतार पुढे पळतो.

पालीला पापण्या नसतात. नानाला आहेत.

श्रीखंडाचा डबा रिकामा झाला म्हणून कुणी फेकत नाही.

'गोऽऽल!' ओरडायला मॅच लागतेच असं नाही.

*

नाना म्हणजे लेपर्ड गेको, पालीचाच एक पाळीव भाऊबंद. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, गुबगुबीत शेपूट, आणि पापण्या मिटून जगाकडे दुर्लक्ष करायची खोड. ही खोड नाशिकच्या नानामामांची, म्हणून नाव नाना. मालकीण चौथीतली उल्का. पण सकाळी उठल्याउठल्या "नाना जेवला का?" विचारायची तिची आई नमिता, जी कालपरवापर्यंत पाल दिसली की केरसुणी शोधायची.

वर्ल्ड कप तोंडावर आलेला. मुऐदर वस्तीतल्या आपल्या गल्लीत गच्चीगच्चीवर झेंडे. अशा वेळी नानाची काचेची टाकी उघडीबोडकी कशी ठेवायची? पायाखाली काहीतरी झोकदार हवंच.

गवत

नमिताचा नवरा देवव्रत स्टेडियमच्या हिरवळीला पाणी पोचवणारा इंजिनिअर. साइटवर उरलेला खोट्या गवताचा तुकडा त्याने आणला, त्यावर पांढरी रेघ मारली आणि टाकीत अंथरला.

"यल्ला, चल नाना, ओपनिंग मॅच!"

नाना दोन पावलं चालला आणि अडकला. गवताच्या बारीक फासात नख रुतलेलं. नमिताने ओल्या कापसाने हळूच सोडवलं, आणि मग नवऱ्याला मात्र सोडलं नाही.

"अख्ख्या स्टेडियमचं गवत सांभाळता, आणि एका पालीचा गालिचा जमत नाही!"

"गेको आहे तो."

"तुमच्यामुळे लंगडा गेको झाला असता!"

वाळू

"वाळवंटातला जीव आहे, त्याला वाळूच हवी," नमिताने जाहीर केलं. "आणि कतारमध्ये राहून वाळू विकत घेणार? हसतील लोक."

शुक्रवारच्या सहलीहून पिशवीभर वाळू आली. नमिताने ती धुतली, वाळवली, पिठाच्या चाळणीने चाळली. एवढं झाल्यावर तिला जंतूंची आठवण झाली. मोठी कढई चढली, गॅस मंद झाला, उलथनं फिरू लागलं. आता रवा कसा, खमंग वास आला की झाला. वाळूला वासच येईना. थांबायचं कधी तेच कळेना.

"आई, नाना इज नॉट अ चिवडा!" उल्का ओट्याला टेकून म्हणाली.

"गप गं. तुझ्या नानासाठीच चाललंय."

टाकी मात्र झकास दिसू लागली. नाना वाळूवर आडवातिडवा पळाला, रातकिड्यावर झेपावला, आणि किड्याबरोबर घासभर वाळू तोंडात गेली. "बघा, एन्जॉय करतोय!" नमिताने फोटो काढून महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकला. अंगठे आले, हृदयं आली, "वहिनी ग्रेट" आलं.

मग नानाने जेवण सोडलं. मग दुसरंही सोडलं. टाकीत शी दिसेना. पोट तट्ट. पापण्या मिटलेल्याच, पण ते मिटणं नानामामांचं नव्हतं.

"आई, इज ही डायिंग?"

नमिताने गाडीची किल्ली उचलली.

प्राण्यांचे डॉक्टर वली हैदराबादचे. त्यांनी नानाचं पोट बोटाने चाचपलं.

"रेत खा गया है. कौन सी रेत थी?"

"घरचीच. म्हणजे, भून के डाली थी."

"भून के?"

"धीमी आँच पे."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "करीपत्ता नहीं डाला?"

देवव्रतने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

डॉक्टर मात्र लगेच गंभीर झाले. वाळू आतड्यात साचते, वाट बंद करते, जीव जाऊ शकतो. कोमट पाण्यात बसवा, टाकी ऊबदार ठेवा. दोन दिवसांत पोट मोकळं झालं नाही तर ऑपरेशन, आणि एवढ्याशा जिवाची खात्री कुणी देत नाही. "और नीचे सिर्फ कागज. सादा किचनवाला."

कागद

श्रीखंडाच्या डब्यात नाना अंघोळीला बसला. हनुवटी काठावर, डोळे बंद. नमिताने मनगटावर पाणी तपासलं, उल्काच्या वेळी तपासायची तसंच. देवव्रतने टोमण्यांची फेड करायची आयती संधी सोडली, त्यामुळे नमिताला जास्तच रडू आलं.

पहिला दिवस, काही नाही. कागद कोराच.

दुसऱ्या दिवशी उल्का शाळेतून आली, दप्तरासकट टाकीकडे धावली आणि किंचाळली.

"आईऽऽ! ही डिड इट!"

पांढऱ्या कागदावर ओबडधोबड गोळी, आणि तिच्यात लखलखणारी वाळू. अगदी नीट भाजलेली.

"गोऽऽल!" देवव्रत सोफ्यावर चढला. नमिता कढई बडवू लागली. उल्का गोल गोल धावत सुटली. दार वाजलं. शेजारचा सुदानी युसुफ उभा, झेंडा गळ्यात.

"हू स्कोअर्ड?"

"नाना!" तिघंही ओरडले.

"नाना? विच टीम?"

"इंडिया!"

युसुफने क्षणभर विचार केला. "माशाल्ला," म्हणाला, आणि कढईच्या तालावर तोही नाचू लागला.

आत नानाने एक पापणी उघडली, सगळ्यांकडे पाहिलं आणि मिटली. या वेळी मात्र हुबेहूब नानामामा.

नाना दुकानातून पहिल्यांदा घरी आला, त्या दिवशी टाकीच्या तळाशी साधा कागदच अंथरलेला होता.