सात घरची मांजर

"दूध घालतेस ना तिला? मग लसही टोचून आण. ते होत नसेल तर दूध बंद कर," यमुताईंनी चारुलताला बजावलं होतं.

चारुलता तेव्हा ओट्याशी उभी राहून लाल औषधाच्या पाण्यातून द्राक्षं काढत होती, चार वर्षांच्या पुष्पीसाठी. यमुताई म्हणजे तिचा नवरा मधुसूदन याच्या आत्या. मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या आणि धरमपेठेतल्या त्याच गल्लीत दोन घरं सोडून राहणाऱ्या. बोलायला लागल्या की समोरच्याला आपण बाकावर उभे आहोत असं वाटायचं.

"मांजराला कसली हो लस, आत्याबाई?" चारुलता हसली होती. "कुत्र्याची गोष्ट वेगळी. मांजरानं बोचकारलं म्हणून कोणी मरतं का?"

"मरतं. पिसाळलेल्या कुत्र्याच्या तावडीतून सुटलेली मांजर पिसाळते. जनावरांच्या दवाखान्यात एक सकाळ मोडेल तुझी. वर्षातून एकदा लस, अधूनमधून जंतांचं औषध. पोरीच्या ताटाशी तोंड घालते ती."

"पण ती आमची कुठे आहे? साऱ्या गल्लीची आहे."

यमुताईंनी तिच्याकडे पाहिलं, द्राक्षांच्या भांड्याकडे पाहिलं आणि चपला घातल्या.

मांजर आपली पिलं सात घरं फिरवते म्हणतात. या गल्लीत घरंही नेमकी सातच होती आणि मनी स्वतःच सातही घरं फिरायची. सकाळचं दूध चारुलताकडे, साय प्रेमलतावहिनींकडे, दुपारची झोप गिरिधररावांच्या धान्याच्या कोठीवर. उंदीर धरला की सातही घरांतून कौतुक, "आमच्या मनीनं धरला." कोणाच्या पायरीवर ओकली की सातही घरांतून एकच उत्तर, "आमची नाही बा." तिला खरूज झाली तेव्हा सगळ्यांनी हळहळून पाहिलं, आणि कोणी तरी औषध लावेलच, असं म्हणून सगळ्यांनी दारं लावली. ती आपली आपणच बरी झाली. यावरून मांजराला औषध लागतच नाही, असा सिद्धान्तही गल्लीत मंजूर झाला.

चारुलता गृहशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. पाणी उकळून, गाळून, पुन्हा झाकून ठेवणारी. उन्हात जाताना पुष्पीच्या फ्रॉकच्या खिशात कांदा टाकल्याशिवाय तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे. बर्फाचा गोळा तर पुष्पीनं फक्त दुसऱ्यांच्या हातात पाहिलेला. एवढी डोळ्यांत तेल घालून जपणारी आई, पण तिच्या घरात रोज सकाळी चार पायांनी जे येत होतं, त्याच्याकडे मात्र तिनं कधी नीट पाहिलं नव्हतं.

शहात्तर सालचा एप्रिल. मनी दोन दिवस दुधाला तोंड लावत नव्हती. दिवाणाखाली बसून गुरगुरत होती आणि तोंडातून लाळ गळत होती. "उन्हानं झालं असेल," चारुलता म्हणाली आणि कूलरमध्ये पाणी भरायला गेली. तेवढ्यात आतून किंकाळी आली. पुष्पीनं लाडानं हात घातला होता आणि मनीनं तो कडकडून चावला होता.

आता इथे चारुलतानं काय करायला हवं होतं? हात साबणानं धुवायला हवा होता, मांजरीला त्याच खोलीत कोंडायला हवं होतं आणि दवाखाना गाठायला हवा होता. तिनं हळद दाबली आणि ती ओरडली, "आत्ताच्या आत्ता ती मांजर घरातून गेली पाहिजे!"

जेवायला घरी आलेला मधुसूदन धावला, शेजारचे गिरिधरराव पोतं घेऊन आले.

"मारायची तर सोय नाही बा," गिरिधरराव पोत्याचं तोंड बांधत म्हणाले. "मांजर मारली तर काशीला सोन्याची मांजर वाहावी लागते. सोन्याचा भाव माहीत आहे का, मधू? सोडून येऊ."

दोघं स्कूटरवर निघाले. गल्लीच्या तोंडाशी कडुनिंब होता, त्याला गिरिधररावांनी तीन फेरे मारायला लावले, म्हणजे मांजर रस्ता विसरते. नदीपलीकडच्या वस्तीपाशी पोतं मोकळं केलं, घरी येऊन हात धुतले आणि पन्हं प्यायले. सातही घरांनी सुटकेचा श्वास सोडला. जणू गल्लीनं एखादं मोठं कार्य पार पाडलं होतं.

संध्याकाळी यमुताईंना कळलं. त्यांनी आल्या आल्या पुष्पीचा हात नळाखाली धरला आणि ती रडत असतानाही बराच वेळ साबणानं धूत राहिल्या. मग सगळ्यांना सरकारी दवाखान्यात नेलं.

"मांजर कशी आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"आता काळजीच नाही, डॉक्टरसाहेब," मधुसूदन म्हणाला. "नदीपलीकडे सोडून आलो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे एकच पुरावा होता, तोही टाकून आलात. मांजर डोळ्यांसमोर असती आणि दहा दिवस धडधाकट राहिली असती, तर इंजेक्शनं मध्येच थांबवता आली असती. आता सगळी घ्यावी लागतील. आजपासून रोज, पोटात. चौदा."

चौदा! पुष्पीचं पोट ते केवढं! चारुलतानं तिच्या फ्रॉकवर आपला तळहात ठेवला, तर तळहातानंच ते झाकून गेलं.

"सापडली तर?" तिनं विचारलं.

"तर पाहू. पण सापडली पाहिजे, आणि जिवंत."

दवाखान्याबाहेर यमुताईंनी विचारलं, "सांगा, कशी दिसते तुमची मांजर?"

"पांढरी. काळे ठिपके," चारुलता म्हणाली.

"छे, करडी आहे," मधुसूदन म्हणाला. "पट्ट्यांची."

"तीन वर्षं दूध पाजता, आणि रंग माहीत नाही," यमुताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलासुद्धा नाही, हेच जास्त लागलं.

"मनी करडी आहे," हुंदके देत पुष्पी म्हणाली. "तिचा डावा कान फाटलाय. आणि शेपटीचं टोक पांढरं आहे. मी विंचरते ना तिला रोज."

दुसऱ्या दिवशी सकाळीच चारुलता आणि यमुताई नदीपलीकडे गेल्या. तिथे मांजरं काही थोडीथोडकी नव्हती. भिंतीवर, उकिरड्यावर, नालीत मांजरंच मांजरं. त्यातली कितीतरी एकेकाळी कोणाच्या तरी घरी दूध प्यायलेली असणार. नळावर बायकांची रांग होती. रांगेतल्या एका उंच बाईला चारुलतानं विचारलं, "बाई, डावा कान फाटलेली मांजर पाहिली का? शेपटीचं टोक पांढरं?"

"पाह्यली नाही तं काय," ती म्हणाली आणि पदराखालून हात काढला. मनगटावर चुन्याचा जाड थर होता. "काल दुपारी नालीपाशी तडफडून राह्यली होती. मनलं तहानली असन. वाटीत पानी ठेवलं तं मलेच चावली वं. पानी तं प्यालीच नाही."

तिचं नाव इंदूबाई. चारुलताचं लक्ष त्या चुन्यावरून हलेना.

"कुठे गेली मग?"

"गेली तिकडं, नदीच्या अंगानं. मंग नाही दिसली."

"इंदूबाई, तुम्ही इंजेक्शन घेतलं?"

"मले काहून इंजेक्शन?" इंदूबाई हसली. "मांजरानं बोचकारलं मनून कोनी मरते का?"

तेच शब्द. फक्त चारुलतानं ते द्राक्षं धुता धुता म्हटले होते.

"ती मांजर आमची होती," अखेर ती म्हणाली. ती आपली आहे, असं तिनं पहिल्यांदाच म्हटलं, आणि म्हटलं तेव्हा मांजर हाती नव्हती.

इंदूबाईनं घागर बाजूला घेतली.

"म्हंजे काल स्कूटरवर आलते, ते तुमचे होते का? रोज येते कोनी ना कोनी पोतं घेऊन. मांजरं आनता, कुत्र्याची पिल्लं आनता. एक जन तं म्हातारी बकरी सोडून गेलता. आमची वस्ती म्हंजे तुमची काशी होय का, पाप आनून सोडाले? आमच्या इथं लेकरं नाहीत का?"



"आमच्याबरोबर दवाखान्यात चला," चारुलता म्हणाली.

"माही कामं बुडतीन. मालकीन बोलते."

"तुमच्या मालकिणीशी मी बोलते. पण तुम्ही आल्याशिवाय मी इथून हलत नाही." ती खरंच नळाच्या ओट्यावर बसली. तिची ती काळजी, जिला घरात सगळे हसायचे, ती आज पहिल्यांदा कुंपणाबाहेर आली होती. "माझ्या पोरीला चावली तीच तुम्हाला चावली. ती मांजर मला सापडत नाही. तुम्ही तरी सापडलात."

इंदूबाईनं बाकीच्या बायकांकडे पाहिलं. "जाय वं," मागून एक म्हातारी म्हणाली, "घागर मी भरतो तुही."

मांजर सापडली नाही. मधुसूदननं चार संध्याकाळी नदीचा काठ पायाखाली घातला, काही उपयोग झाला नाही. इकडे नळावरच्या त्या दिवसापासूनच दवाखान्याच्या बाकावर रोज सकाळी दोघी शेजारी बसायच्या, इंदूबाई आणि पुष्पी. सुई पाहिली की पुष्पी आईच्या पदरात शिरायची.

"रडू नको वं बाई," इंदूबाई तिला म्हणायची. "तू रडली तं मलेही रडू येते. मंग डाक्टर आपल्या दोघीलेही हसन." आणि स्वतः आधी आत जायची.

आपल्या शेवटच्या सुईच्या दिवशी पुष्पीनं खिशातला कांदा काढून इंदूबाईला दिला. "उन्हात जाल ना तुम्ही," ती म्हणाली. चारुलतानं तोंड दुसरीकडे केलं.

दोघी वाचल्या. पण या गोष्टीला मी सुखान्त म्हणणार नाही. ज्या सुया टाळता आल्या असत्या, त्या टोचून वाचल्या.

दिवाळीच्या सुमारास गल्लीत एक काळं-पांढरं पिल्लू येऊन ओरडू लागलं. "आली बघा," गिरिधरराव फाटकातून म्हणाले, "सात घरची मांजर."

"नाही," चारुलता म्हणाली. "ही आमची."

तिनं पिल्लू टोपलीत घातलं, वर जाळी बांधली आणि मधुसूदनला स्कूटर काढायला लावली. जनावरांच्या दवाखान्यात पिल्लाला लस कधी द्यायची हे विचारायचं होतं आणि जंतांचं औषध आजच घ्यायचं होतं.

"मांजरावर खर्च?" गिरिधरराव हसले. "तिचं पोट तर उंदरांवर भरतं."

"गिरिधर," पायरीवर बसलेल्या यमुताई म्हणाल्या, "तू उंदीर मारायला विषाच्या गोळ्या आणतोस, त्याचा खर्च धरतोस ना? पायात काटा मोडला तर डॉक्टरकडे पळतोस, तोही धरतोस. मांजरीचं काम फुकट हवं आणि दुखणंही फुकट हवं? फुकट काहीच नसतं रे. तू दिलं नाहीस तर दुसरा कोणी तरी देतो. या वेळी एका पोरीच्या पोटानं दिलं, आणि जिनं पाणी पाजलं तिच्या हातानं दिलं. सोन्याची मांजर वाचवलीस खरी, पण किंमत दुसऱ्यांनी मोजली."

दुसऱ्या दिवशी गिरिधररावांनी धान्याच्या कोठीपाशी एक जुनं गोणपाट अंथरलं, आणि चारुलताला म्हणाले, "पुढच्या वेळी दवाखान्यात मी नेतो. नाहीतरी माझं काय काम असतं?"

मांजर पाळायला मोठं घर लागत नाही, फार पैसाही लागत नाही. "ही आमची" म्हणणारं एक घर लागतं. दूध घालणारा हात लस टोचायलाही गेला पाहिजे, नाहीतर त्यानं दूध घालूच नये. सात घरांची म्हणून सोडलेली मांजर एकाही घराची राहत नाही, आणि तिचं दुखणं मात्र शेवटी कोणाच्या तरी घरी जातंच.

आणि एक काम आजच करा. तुमच्या घरातून कधी एखादं पोतं नदीपलीकडे गेलं असेल, तर जिथे ते मोकळं केलं तिथे जा. नळावरच्या बायकांना विचारा, कोणाच्या हाताला चुना लावलेला आहे का. असेल, तर तिला बरोबर घेऊनच परत फिरा.